तुळशीच्या कुंडीतली माती: शेटलंडची दुसरी फेरी

मंडळाच्या दिवाळी अंकात मी स्कॉटलंडच्याही उत्तरेला असलेल्या शेटलंड बेटांच्या प्रवासाबद्दल लिहिलं होतं. त्यातलं एक वाक्य चुकीचं आहे. "बेटावर बाहेरचा मातीचा कणही जाऊ नये म्हणून मी बूट जंतुनाशकात बुडवले, अवजारं स्पिरिटने पुसली आणि सोबत काहीही जिवंत नेलं नाही," असं ते वाक्य. बूट बुडवले होते. अवजारंही पुसली होती. पण बोटीवर माझ्या मांडीवर तुळशीची कुंडी होती.

गंमत म्हणावी तर त्याच लेखात कुंडी घेऊन डेकवर उभी असतानाचा माझा फोटो छापला आहे. वाक्य एका पानावर, फोटो पुढच्या पानावर. लेस्टरपासून पिनरपर्यंत किती जणांनी फोन करून कौतुक केलं, पण ही विसंगती एकालाही दिसली नाही. मलाही नाही. तुळस म्हणजे झाड, आणि झाड म्हणजे माती, हे आपल्यापैकी कुणाच्या डोक्यातच आलं नाही. तुळस ही सोबत आलेली बाई असते. तिला कोण सामानात मोजतं?

लहानपणी बाबांचं हॉस्पिटल दर सहा महिन्यांनी बदलायचं, म्हणून मी दहा वर्षांची होईपर्यंत आईने मला घरीच शिकवलं. तिच्याकडे खोडरबर चालत नसे. चुकलं की एक रेघ मारायची आणि शेजारी बरोबर लिहायचं, म्हणजे चूकही वाचता येते. तसंच इथेही करते आहे. ज्यांना शेटलंडला जायचं आहे त्यांनी जरूर जावं, बोटीची आणि बसची माहिती खाली दिली आहे. पण हे प्रवासवर्णन त्यासाठी लिहिलेलं नाही.

मी ॲबर्डीनला संशोधन करते. विषय सांगितला की लोक हसतात. थंड बेटांवरच्या मातीत राहणारे बारीक जीव थंडी कशी सोसतात, आणि बाहेरून आलेले जीव तिथे तगतात का, हा माझा विषय. त्यातही माझं काम स्प्रिंगटेल नावाच्या तिळाहून लहान जिवावर. सहा पाय आणि पोटाखाली चिमटा. तो सोडला की उडी. हिवाळ्यात तो गोठत नाही. अंगातलं पाणी शून्याच्या खूप खाली गेलं तरी पातळच ठेवतो. त्यासाठी थंडीआधी पोट रिकामं करतो, कारण पोटातल्या अन्नाच्या कणाभोवती बर्फ धरायला लागतो. हे मी आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे एकादशी करतो की! तुझ्यापेक्षा शहाणा आहे."

आता कुंडीचं सांगते. शेटलंडला डॉक्टर केळुसकरकाका आणि सुनंदाकाकू बारा वर्षं आहेत. त्या बाजूला आपलं दुसरं घर नाही. सप्टेंबरमध्ये मी पहिल्यांदा निघाले तेव्हा काकूंनी फोनवर एवढंच मागितलं: "तुळस मिळाली तर बघ गं." लेस्टरच्या शोभामावशी ग्रीनहाऊसमध्ये तुळशी वाढवतात आणि नवं घर मांडणाऱ्या प्रत्येकाला एक देतात. त्यांनी दिली. ॲबर्डीन स्टेशनवर पिशवी आपटली, कुंडी तडकली आणि निम्मी माती प्लॅटफॉर्मवर सांडली. मी घरी येऊन घरमालकिणीच्या परसातली फरशी उचलली आणि तिच्याखालची दोन ओंजळी ओली माती घेऊन तुळस नव्या कुंडीत लावली. त्या मातीत एक काळा, चकचकीत, वाटाण्याएवढा गोळा होता. मला वाटलं खताची गोळी. मी तो बोटाने आत दाबला. शेजारी बादलीत माझे बूट जंतुनाशकात भिजत पडले होते.

दुसरी फेरी या मार्चमधली. हिवाळाभर जमिनीत ठेवलेले थर्मामीटर काढायचे होते आणि हिवाळा काढलेले स्प्रिंगटेल गोळा करायचे होते.

ॲबर्डीनहून बोट संध्याकाळी सहाला सुटते आणि सकाळी आठला लर्विकला लागते. केबिन महाग पडते. खुर्चीत झोपलात तर बरंच स्वस्त, मात्र मानेची उशी न्या. समुद्र लागण्याची गोळी बोटीत चढण्याआधी घ्यायची. लाटा सुरू झाल्यावर घेतलेली गोळी पोटात टिकत नाही. शाकाहारी मंडळींनी डबा न्यावा. मी आईने लेस्टरहून पाठवलेल्या दशम्या नेल्या होत्या. शेजारच्या आजीबाई विणकाम करता करता म्हणाल्या, "याचा वास फारच छान आहे, पण तुला सांगते, वाटेतली ऑर्कनी बेटं मागे पडेपर्यंत खाऊ नकोस." मी ऐकलं नाही. थोड्या वेळाने त्यांनीच कागदी पिशवी पुढे केली.

लर्विकला उतरलात की छत्री बॅगेतच ठेवा. तिथला वारा छत्री धरू देत नाही. झाडं नाहीत, त्यामुळे वारा कुठे अडतही नाही. बंदराजवळच्या कॅफेत बटाट्याचं सूप मिळतं, पण मटणाच्या पाण्यात केलेलं असतं, आधी विचारून घ्या. पश्चिमेकडची बस दिवसातून दोनदा. सकाळची साडेआठला सुटते आणि काकूंच्या वस्तीपर्यंत तासाभरात नेते. वाटेत कोणी हात केला तर ड्रायव्हर थांबतो आणि घरची चौकशीही करतो. बाहेर तपकिरी डोंगर, मध्येच समुद्राचे लांब फाटे, आणि उतारांवर ठिकठिकाणी दगडी गोल कुंपणं. पुरुषभर उंचीचीही नाहीत, छप्पर नाही, दार नाही. आत उडी मारून जायचं. त्यांना प्लँटीक्रब म्हणतात. ऑगस्टमध्ये आत केलचं बी पेरतात. केल म्हणजे कोबीच्या जातीची पालेभाजी. रोपं वाऱ्यापासून आडोशाला हिवाळा काढतात, आणि वसंतात उपटून शेतात लावतात. कुणाची रोपं मेली तर शेजारी देतो. अशी एकाच क्रबमधली रोपं दहा शेतांत जातात.

काकू बसथांब्यावर उभ्या होत्या. अंगावर तिथला जाड लोकरी स्वेटर आणि कपाळाला टिकली. ड्रायव्हरने त्यांना "सुनंदा, तुझी पाहुणी वाळली की गं," असं काहीसं म्हटलं. तिथल्या बोलीत. मला अर्धंच कळलं. काकूंनी त्याच बोलीत त्याला असं उत्तर दिलं की अख्खी बस हसली.

घरात शिरताच मी तुळशीची चौकशी केली. "गेली गं," काकू म्हणाल्या. "नोव्हेंबरात पानं काळी पडली. रेडिएटरवर ठेवली, दिव्याखाली ठेवली. सूर्यच नाही तर ती तरी काय करणार."

मला वाईट वाटलं, पण तेवढंच. जेवण झालं. काकूंनी मसूरची आमटी आणि केलची भाजी केली होती, वर खोबरं. दुसरा दिवस मी डोंगरावर काढला. हाताची बोटं बधिर झाली, पण बाटल्या भरल्या, थर्मामीटर सापडले. संध्याकाळी काकांनी विचारलं, "काय, तुमचे पेशंट कसे आहेत?" मी म्हटलं, "ठणठणीत." ते म्हणाले, "नाहीतर माझे. थंडी सुरू झाली की सगळे खोकतात."

तिसऱ्या दिवशी सकाळी शेवटचा थर्मामीटर काढायचा होता, तो शेजारच्या मॅग्नसच्या क्रबमध्ये. मॅग्नस सत्तरीचा. मेंढ्या, थोडी शेती, एकटाच राहतो. उन्हाळ्यात क्रबचा एक कोपरा तो काकूंना कोथिंबीर-मेथीला देतो. काकू माझ्यासोबत आल्या आणि भिंतीपलीकडून बोट दाखवून सहज म्हणाल्या, "तुळशीची माती तिथे ओतली मी. काड्या समुद्रात सोडल्या. बिनमध्ये कशी टाकणार? कौन्सिलची गाडी नेते ती. आणि बागेत टाकली तर पाय पडतो. इथे कुणाचा पाय पडत नाही."

मी आत उडी मारली. त्या कोपऱ्यात एक सपाट दगड होता. तो उचलला. खाली तीन जीव, अर्ध्या बोटाएवढे, रिबिनीसारखे चपटे, वरून गडद तपकिरी, कडेला फिकट किनार. एक जिलबीसारखा गुंडाळलेला. शेजारी एक काळं, फुटलेलं, रिकामं टरफल. वाटाण्याएवढं.

आमच्या विभागाच्या नोटीसबोर्डवर या प्राण्याचं चित्र दीड वर्ष लावलेलं आहे. न्यूझीलंडचा चपटा कृमी. रोपांच्या कुंड्यांमधून इकडे आला, स्कॉटलंडच्या बागांमध्ये पसरला. गांडुळं खातो. बाकी काही नाही, फक्त गांडुळं. गांडुळं गेली की जमिनीत पाणी मुरत नाही, गवत खराब होतं. शेटलंडला गवत म्हणजे मेंढ्या, आणि मेंढ्या म्हणजे सगळं. मी रोज त्या चित्रासमोरून जाते. माझा प्राणी नाही म्हणून नीट वाचलं नव्हतं.

तिन्ही मी बाटलीत घातले. आणखी तासभर उकरलं, काही मिळालं नाही. तो काळा गोळा म्हणजे या कृमीची अंड्यांची पिशवी, आणि अशा एका गोळ्यातून सहाएक पिल्लं निघतात. आजूबाजूला केलची शंभरेक रोपं दाटीने उभी होती.

काकूंना समजायला वेळ लागला. मग त्या भिंतीला टेकून म्हणाल्या, "म्हणजे मी केलं हे."

"नाही काकू, मी केलं. माती माझी होती."

"तू आणलीस, मी ओतली."

घरी काकांना बाटली दाखवली. ते चष्मा वर करून बघत म्हणाले, "माझ्याकडे का आणलंस? जंताचं औषध देऊ?" कोणी हसलं नाही, तेव्हा त्यांनी चष्मा खाली घेतला. मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मॅग्नसला आजच सांगायला हवं."

काकू ताटं मांडत होत्या. त्यांनी मागे न बघता म्हटलं, "तुम्हाला काय जातंय सांगायला. तुम्ही डॉक्टर. पहिली चार वर्षं दुकानात मला डॉक्टरची बाई म्हणायचे. आता सुनंदा म्हणतात. लोक काय म्हणतील? बाहेरच्यांनी बाहेरचं आणलं." मग माझ्याकडे वळून, "मेघू, तुझी खात्री आहे का? शंभर टक्के? थंडीने मेले असतील ना बाकीचे? तूच तर शिकतेस ते."

हा प्रश्न मला हवाच होता, हे कबूल करते. मी म्हटलं, "खात्री करून घेते. लॅबमध्ये बघते आणि मग सांगू." मला खात्री होती. पण "खात्री करून घेते" म्हणायला फार सोपं असतं आणि ते प्रामाणिकही वाटतं.

चौथ्या दिवशी बस दुपारची होती. मॅग्नसने चहाला बोलावलं. त्याच्या स्वयंपाकघरात पीटची, म्हणजे दलदलीतल्या वाळवलेल्या मातीच्या विटांची शेगडी, वर वाळत घातलेले मोजे, टेबलावर बॅनक म्हणजे जाड भाकरीसारखा पाव आणि लोणी. "अजून उवा मोजतेस का गं पोरी?" त्याने विचारलं. स्प्रिंगटेलला तो उवाच म्हणतो. मग काकूंना म्हणाला, "सुनंदा, बूट इतके घासून धुणारी पोर मी जन्मात पाहिली नाही. माझ्या कुत्र्याला हिच्याकडे शिकायला पाठवतो."

काकू कपात बघत राहिल्या. मी हसले. हे लिहिताना सगळ्यात जास्त लाज मला त्या हसण्याची वाटते आहे. कृमी आणला तेव्हा मला माहीत नव्हतं. हसले तेव्हा माहीत होतं.

निघताना त्याने वर्तमानपत्रात गुंडाळलेली पाच-सहा रोपं पुढे केली. मुळांना ओली काळी माती. "आईला ने. लेस्टरला असं केल मिळणार नाही."

मी हात मागे घेतला. "नको. माती नेता येत नाही मला."

"होय का? तुझ्या बेटाला माझी माती चालत नाही?" असं म्हणून तो मोठ्याने हसला आणि रोपं परत बादलीत ठेवली. बोलायची यापेक्षा चांगली वेळ मला मिळाली नसती. बस सुटेल, एवढंच मी म्हणाले. ती चुकली असती तरी बोट संध्याकाळची होती, कुणीही गाडीने बंदरावर सोडलं असतं.

ॲबर्डीनला आल्यावर मी खात्री केली. नोटीसबोर्डवर चित्र लावणाऱ्या सहकाऱ्याने झाकण उघडायच्या आधीच ओळखलं आणि विचारलं, "कुठल्या बागेतला?" मी म्हटलं, "नंतर सांगते."

एक कृमी मी गार करायच्या यंत्रात ठेवला. यात प्राण्याला तापमान मोजणाऱ्या बारीक तारेला टेकवतात आणि हळूहळू थंडी वाढवतात. कागदावर रेघ खाली उतरत जाते. प्राणी गोठतो त्या क्षणी रेघ एकदम वर उडी मारते, कारण पाण्याचा बर्फ होताना थोडी ऊब बाहेर पडते. स्प्रिंगटेलची ती उडी फार खाली होते. या कृमीची शून्यापासून जवळच झाली, आणि तो मेला. क्षणभर मला आनंद झाला. इतका नाजूक असेल तर हिवाळ्याने काम केलं असणार.

मग मी मॅग्नसच्या क्रबमधल्या थर्मामीटरची नोंद पाहिली. दगडाखाली, हातभर खोल, सगळ्या हिवाळ्यात माती एकदाही गोठली नव्हती. वर गारा, वादळं, काकूंचा रेडिएटर, काळी पडलेली तुळस, आणि खाली फ्रिजमधल्या भाजीच्या कप्प्यासारखी शांत थंडी. बेटाला समुद्राने वेढलेलं आहे, तो जमीन फार गोठू देत नाही. आणि या कृमीला सोसत नाही तो उन्हाळा, तो तिथे येतच नाही. बेट आपल्याला थंड आहे. त्याला ते बेताचं आहे. तिथल्या स्प्रिंगटेलने हजारो वर्षांत कमावलेली थंडी सोसायची ताकद इथे कुणाच्याच उपयोगाची नव्हती. थंडी राखण करते, असं मी तीन वर्षं गृहीत धरलं होतं. माझ्या प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणातही तेच लिहिलं आहे. तिथेही रेघ मारावी लागेल.

हे कळलं तो गुरुवार होता. त्याच दिवशी फोन करायचा. मी केला नाही. पुन्हा एकदा नोंदी तपासते, असं स्वतःला सांगितलं. शुक्रवार गेला, शनिवार-रविवार गेला. सोमवारी काकूंचाच फोन आला.

"मेघू, काल मॅग्नसने बहिणीला दोन डझन रोपं पाठवली. मातीसकट, ओल्या गोणपाटात बांधून. पलीकडच्या बेटावर. तिच्याकडे आडोसा आहे म्हणून ती लवकर लावते म्हणे." मग हळू आवाजात, "मी खिडकीतून बघत होते गं. भांडी घासत होते. नुसतं दार उघडून ओरडायचं होतं."

मी म्हटलं, "माझं चुकलं काकू. मी त्याच दिवशी बोलायला हवं होतं."

"हो, हवं होतं," काकू म्हणाल्या. "मीच तुला गप्प केलं, पण तू शिकलेली आहेस. तू गप्प बसायला नको होतंस." मग आवाज सावरून, "आता ये. माझ्याने एकटीने नाही होणार. तू बोल, मी शेजारी उभी राहीन."

मंडळाच्या अंकात लिहू का, असं मी भीत भीत विचारलं. त्या म्हणाल्या, "लिही. तुळस मी मागितली होती, तेही लिही. नाहीतर सगळं स्वतःच्या डोक्यावर घेशील, तुझी आई घेते तसं."

शेटलंडला जाणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं: तिथल्या आपल्या माणसांसाठी लोणचं न्या, मेतकूट न्या, पुस्तकं न्या. तुळस न्यायचीच असेल तर मंजिऱ्या कागदात न्या आणि माती तिथली घ्या. उगवली नाही तर नाही. मुळाला लागलेली चिमूटभर मातीसुद्धा बोटीवर चढवू नका, आणि तिथून आणूही नका.

मला या प्रवासातलं काय उरलं, तर एक वाक्य, जे चहाच्या टेबलावर बोलायला अर्धं मिनिट लागलं असतं. तेव्हा एकाच क्रबमधली रोपं जाळून भागलं असतं, कदाचित. आता दोन बेटं आहेत, आणि त्या दोन डझन रोपांच्या मुळाशी काही होतं की नव्हतं हे कुणालाच सांगता येणार नाही. माझ्या मार्गदर्शकांना आणि त्या सहकाऱ्याला मी सांगितलं आहे. सहकारी मॅग्नस आणि त्याची बहीण दोघांना पुरतील इतके सापळे देणार आहे: ओली गोणपाटं आणि सपाट फरशा, ज्यांच्याखाली हे कृमी येऊन बसतात. मॅग्नसला काल फोन केला. आणखी रोपं उपटू नको, मी येते आहे, एवढंच म्हणाले. "का गं, उवा संपल्या?" त्याने विचारलं. बाकीचं फोनवर सांगण्यासारखं नाही. त्याने माझ्याकडे बघून रागवायला हवं, तेवढा त्याचा हक्क आहे. मग तो म्हणेल तेव्हा, तो म्हणेल तर, बहिणीकडे.

सोमवारची संध्याकाळची बोट, खुर्चीतली जागा. काकू थांब्यावर येणार आहेत. मंगळवार, ११ एप्रिल, सकाळी दहाच्या आत मी मॅग्नसच्या दारात असेन.